वेष्टनावरील बारीक अक्षरें



मुलांना वाचावयास शिकविण्यांत माझ्या आयुष्याचीं बत्तीस वर्षें गेलीं. फळ्यावरील अक्षर, पुस्तकांतील धडा, नकाशावरील नदीचें नांव, पत्रावरील पत्ता, हें सर्व मीं त्यांच्याकडून वाचवून घेतलें. परंतु एक मजकूर असा होता कीं, जो दररोज माझ्या स्वतःच्या घरांत येत होता, नकळत माझ्या ताटांत उतरत होता, आणि मीं तो एकदांहि वाचला नव्हता. तो मजकूर म्हणजे खाद्यपदार्थांच्या पाकिटामागें बारीक अक्षरांत छापलेला मजकूर. तो कसा वाचावा, त्यांतून काय कळतें व काय कळत नाहीं, हें आज आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

हा धडा मला कोणीं शिकविला, तें प्रथम सांगतों. चार वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीच्या रक्तदाबानें डोकें वर काढलें. डॉक्टरांनीं गोळी दिली व मीठ कमी करण्यास बजावलें. आम्हीं आज्ञा पाळली. भाजी-आमटींतलें मीठ निम्म्यावर आणलें. जेवण अळणी लागूं लागलें, तेव्हां तोंडाला चव यावी म्हणून ताटांत दोन पापड व विकतच्या लोणच्याचा एक चमचा अधिक येऊं लागला. सायंकाळच्या चहाबरोबर खारी होतीच. तीन महिन्यांनीं पुन्हा तपासणी झाली, तों दाब जेथल्या तेथें. डॉक्टरांनीं विचारलें, "मीठ कमी केलेंत ना?" आम्हीं दोघांनीं एका सुरांत होकार दिला. तेव्हां ते म्हणाले, "मास्तर, घरच्या बरणींतलें कमी केलेंत, बाजारच्या पाकिटांतलें मोजलेंत काय?" जन्मभर मुलांना प्रश्न विचारणाऱ्या मला त्या एका प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. घरीं येऊन मीं भिंग घेतलें, आणि पापडाचा पुडा, लोणच्याची बाटली व खारीची पिशवी समोर मांडून बसलों. त्या रात्रीं काय आढळलें, तें पुढें ओघानें येईलच.

पाकिटावर काय छापावें, हें कारखानदाराच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं. आपल्या देशांत २००६ सालीं अन्नसुरक्षेचा कायदा झाला. त्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या प्राधिकरणाचीं इंग्रजी आद्याक्षरें एफएसएसएआय अशीं असून, तीं चौदा आंकडी परवाना-क्रमांकासह पाकिटावर दिसतात. या प्राधिकरणानें २०२० सालीं लेबलांविषयीं स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं भारतीयांसाठीं आहाराचीं जीं सतरा मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांतील शेवटचें तत्त्व लेबल वाचूनच खाद्यपदार्थ निवडावे, असें आहे. तात्पर्य, हा मजकूर आपल्यासाठींच छापलेला आहे. अडचण एवढीच कीं, तो इंग्रजींत अथवा हिंदींत असला म्हणजे नियमाची पूर्तता होते. मराठी असलीच पाहिजे असें नाहीं. म्हणून त्यांतील मोजके इंग्रजी शब्द आपण ओळखून ठेवले पाहिजेत.

पहिली गोष्ट अशी कीं, पाकिटाला दोन बाजू असतात, व त्या दोन निरनिराळ्या माणसांनीं लिहिल्यासारख्या असतात. पुढली बाजू विकणाराची. तिच्यावर गव्हाची सोनेरी लोंबी, दुधाची धार व हंसरें मूल असतें. मागली बाजू कायद्याची. तिच्यावर चित्र नसतें, आंकडे असतात. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण आपण जाणतोंच. तेव्हां पाकीट हातीं घेतांच तें उलटें करावें. एवढी एक संवय लागली, तरी निम्मा अभ्यास झाला असें समजावें.

मागल्या बाजूस ‘इन्ग्रेडिअंट्स’ या शब्दाखालीं घटकद्रव्यांची यादी असते. ही यादी वाटेल त्या क्रमानें छापलेली नसते. जें द्रव्य वजनानें सर्वांत अधिक, तें प्रथम. त्याहून कमी तें दुसरें. याप्रमाणें उतरत्या क्रमानें तीं लिहावींत असा नियम आहे. म्हणून यादींतील पहिलीं तीन नांवें वाचलीं, म्हणजे पाकिटांत मुख्यतः काय आहे तें कळतें. पुढें ‘मल्टीग्रेन’ असें ठळक छापलेलें असतें, आणि मागें पहिलें नांव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा, दुसरें साखर व तिसरें पामतेल निघतें. नाचणी, ओट वगैरे धान्यें त्यानंतर रांगेंत उभीं असतात. ज्या घटकाचा पुढें गाजावाजा केला असेल, त्याचें शेंकडा प्रमाण यादींत द्यावें लागतें. तें पाहावें. नाचणीच्या बिस्किटांत नाचणी शेंकडा सहा असेल, तर तीं मैद्याचीं बिस्किटें आहेत, नाचणी नांवापुरती आहे, हें उघड झालें.

या यादींत साखर पुष्कळदां वेष पालटून येते. ग्लुकोज सिरप, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज हीं सर्व तिचींच भावंडें होत. मध व गूळ यांचीहि गणना शरीर साखरेंतच करतें. एका पदार्थांत साखर तीन नांवांनीं घातली, म्हणजे प्रत्येक नांव यादींत खालच्या पायरीवर जातें व वाचणारास वाटतें कीं साखर थोडीच आहे. सबब हीं भावंडें एकत्र मोजावींत.

त्याच यादींत कांहीं क्रमांकहि दिसतात. ते पाहून पुष्कळांना धडकी भरते. परंतु क्रमांक म्हणजे विष नव्हे. मिश्रद्रव्यांना आंतरराष्ट्रीय संकेतानें दिलेले ते हजेरीपटावरील क्रमांक आहेत. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, ज्याला आपण लिंबूसत्त्व म्हणतों. ५०० म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार. ३२२ म्हणजे लेसिथिन, जें तेल व पाणी एकजीव ठेवतें. ६२१ हें मोनोसोडियम ग्लुटामेट. त्यांतहि सोडियम असतें. १०२ हा टारट्राझीन नांवाचा पिवळा कृत्रिम रंग, तर ९५१ व ९५५ हीं साखरेऐवजीं वापरावयाचीं कृत्रिम मधुर द्रव्यें आहेत. भीति नको व आंधळा विश्वासहि नको. मात्र यादी जितकी लांब व तींतील नांवें आपल्या स्वयंपाकघराला जितकीं अपरिचित, तितका तो पदार्थ शेतापासून दूर व कारखान्याच्या जवळ, एवढें अनुमान काढण्यास हरकत नाहीं.

आतां आंकड्यांच्या कोष्टकाकडे वळूं. येथें प्राथमिक शाळेंतलें त्रैराशिक उपयोगीं पडतें. कोष्टकांतील आंकडे दर १०० ग्रॅमांस अथवा १०० मिलिलिटरांस दिलेले असतात. पहिली ओळ उष्णतेची, म्हणजे किलोकॅलरींची. प्रथिनांच्या व कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमापासून सुमारें ४, आणि स्निग्ध पदार्थाच्या प्रत्येक ग्रॅमापासून सुमारें ९ किलोकॅलरी मिळतात. एखाद्या बिस्किटांत दर शेंकडा प्रथिनें ७ ग्रॅम, कर्बोदकें ७६ ग्रॅम व स्निग्धांश १३ ग्रॅम आहेत असें धरूं. तर २८, ३०४ व ११७ मिळून ४४९ किलोकॅलरी झाल्या. स्निग्धांश वजनानें थोडा दिसला, तरी उष्णतेंतील त्याचा वांटा चौथ्या हिश्श्याहून मोठा आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

त्यानंतर ‘टोटल शुगर’ व ‘अ‍ॅडेड शुगर’ अशा दोन ओळी येतात. पहिलींत दुधांतील व फळांतील नैसर्गिक साखरहि मिळविलेली असते. दुसरी म्हणजे वरून घातलेली साखर. आपण दुसरीकडे अधिक लक्ष द्यावें. वरील बिस्किटांत ती दर शेंकडा २५ ग्रॅम आहे असें धरा. पांच ग्रॅमांचें एक, अशीं सहा बिस्किटें चहाबरोबर खाल्लीं, तर शंभरास पंचवीस, तर तिसांस किती? साडेसात ग्रॅम. चहाचा चमचा पांच ग्रॅमांचा धरल्यास दीड चमचा. चहांतली साखर निराळीच. शीतपेयाचा हिशोब याहून डोळे उघडणारा आहे. दर १०० मिलिलिटरांस ११ ग्रॅम साखर असेल, तर ६०० मिलिलिटरांच्या बाटलींत ६६ ग्रॅम, म्हणजे तेरा चमचे साखर झाली. कोणी पाहुणा आपल्या चहांत तेरा चमचे साखर घालूं लागला, तर आपण त्याचा हात धरूं. बाटलींतली मात्र आपण कौतुकानें पाजतों.

हे आंकडे अधिक कीं उणे, हें कशावरून ठरवावें? त्यासाठीं नियमांनीं प्रौढ माणसाचें एका दिवसाचें माप दिलें आहे, तें कागदावर टिपून ठेवण्यासारखें आहे. उष्णता २,००० किलोकॅलरी, एकूण स्निग्धांश ६७ ग्रॅम, त्यांपैकीं संपृक्त म्हणजे ‘सॅच्युरेटेड’ २२ ग्रॅम, ‘ट्रान्स फॅट’ २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम व सोडियम २,००० मिलिग्रॅम. एका वाढणींतून या मापाचा शेंकडा किती भाग मिळतो, हेंहि पाकिटावर छापलेलें असतें. मात्र हें माप म्हणजे परीक्षेंत मिळवावयाचे गुण नव्हेत. साखर, मीठ व संपृक्त स्निग्धांश यांच्या बाबतींत ती कमाल मर्यादा समजावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें साखरेपासून मिळणारी उष्णता एकूण उष्णतेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावी, व विसाव्या हिश्श्याहून कमी असल्यास अधिक उत्तम. म्हणजे ५० ग्रॅमांऐवजीं २५ ग्रॅमांच्या आंत राहणें श्रेयस्कर.

‘वाढणी’ या शब्दापाशीं थोडें थांबलें पाहिजे. पाकिटावर त्यास ‘सर्व्हिंग’ म्हणतात. ही वाढणी कारखानदार ठरवितो, आपली भूक नव्हे. शेवेच्या पिशवीवर एक वाढणी ३० ग्रॅमांची लिहिलेली असते. परंतु वर्तमानपत्र वाचतां वाचतां आपण किती खातों, तें आपणांस व पिशवीला ठाऊक! म्हणून दोन पदार्थांची तुलना करतांना १०० ग्रॅमांचा रकाना पाहावा, आणि स्वतःचा हिशोब करतांना प्रत्यक्ष खाल्लेलें वजन धरावें.

आतां त्या रात्रीच्या हिशोबाकडे येतों. पाकिटावर बहुधा मीठ लिहिलेलें नसतें, सोडियम लिहिलेलें असतें. मिठांत सोडियम शेंकडा सुमारें चाळीस असतें. म्हणून सोडियमच्या आंकड्यास अडीचनें गुणलें, कीं मीठ निघतें. पापडाच्या पुड्यावर दर शेंकडा १,८०० मिलिग्रॅम सोडियम होतें. दोन पापडांचें वजन २५ ग्रॅम, तेव्हां सोडियम ४५० मिलिग्रॅम. लोणच्यावर ५,००० हा आंकडा होता. १५ ग्रॅमांच्या एका चमच्यांत ७५० मिलिग्रॅम. खारीवर ५०० होता. ४० ग्रॅम खारींत २०० मिलिग्रॅम. बेरीज १,४०० मिलिग्रॅम. अडीचनें गुणून साडेतीन ग्रॅम मीठ! दिवसाची मर्यादा पांच ग्रॅम. म्हणजे भाजींत चिमूटभर मीठ पडण्यापूर्वींच दोनतृतीयांशाहून अधिक मीठ पोटांत जात होतें, आणि आम्ही अळणी आमटी पिऊन पथ्य पाळल्याचें समाधान मानीत होतों. खारीची गोष्ट निदान नांवावरून तरी ओळखूं येते. परंतु गोड बिस्किटांत, पावांत व झटपट शिजणाऱ्या शेवयांतहि सोडियम असतें, आणि तें जिभेला कळत नाहीं. थेंबें थेंबें तळें साचतें, तें असें.

सोडियम कमी असलेलें म्हणून जें मीठ बाजारांत मिळतें, त्यांत सोडियमच्या कांहीं भागाऐवजीं पोटॅशियम घातलेलें असतें. ज्यांचें मूत्रपिंड अधू आहे, अथवा जे रक्तदाबाचीं कांहीं विशिष्ट औषधें घेतात, त्यांना तें अपायकारक होऊं शकतें. म्हणून तें डॉक्टरांस विचारल्याविना आणूं नये.

स्निग्ध पदार्थांविषयीं दोन शब्द. ‘सॅच्युरेटेड फॅट’चा आंकडा पाहावा. खारी, टोस्ट, फरसाण, बिस्किटें यांत जें पामतेल असतें, त्याचा जवळजवळ निम्मा भाग संपृक्त असतो. ‘ट्रान्स फॅट’ हा हृदयाचा उघड वैरी आहे. तेलें, वनस्पती तूप व त्यांपासून केलेले पदार्थ यांतील स्निग्धांशांत तो शेंकडा २ हून अधिक असूं नये, असा निर्बंध आपल्याकडे २०२२ सालापासून आहे. तरीहि यादींत ‘हायड्रोजनेटेड’ हा शब्द दिसला, तर तेथें थबकावें.

पुढल्या बाजूवरील कांहीं वचनांची आतां परीक्षा करूं. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ म्हणजे वरून साखर घातली नाहीं. पदार्थांत साखर नाहीं असें नव्हे. खजुराच्या वड्यांत साखर न घालतांहि ती भरपूर असते. ‘शुगर फ्री’ म्हणावयाचें तर दर शेंकडा अर्ध्या ग्रॅमाहून अधिक साखर असतां कामा नये; परंतु त्याच पदार्थांत मैदा व तूप कितीहि असूं शकतें, ही गोष्ट मधुमेही माणसानें विसरूं नये. शेंगदाण्याच्या तेलावर ‘कोलेस्टेरॉल नाहीं’ असें छापणें म्हणजे गाईच्या दुधावर ‘मासे नाहींत’ असें छापण्यासारखें आहे. तें वनस्पतीच्या तेलांत मुळांतच नसल्यासारखें असतें. सांद्र अर्कांत पाणी मिसळून केलेल्या रसावर ‘शंभर टक्के फळांचा रस’ असें लिहिलेलें होतें, तें काढून टाकण्याचा आदेश प्राधिकरणानें जून २०२४ मध्यें दिला. त्यापूर्वीं एप्रिल २०२४ मध्यें केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानें घरपोंच विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांस कळविलें कीं, दुधांत मिसळावयाच्या भुकट्या वगैरे पेयें ‘आरोग्यपेय’ या सदराखालीं मांडूं नयेत. कारण तशी व्याख्याच कायद्यांत नाहीं. ज्या भुकटीला आपण मुलांची ताकद समजत होतों, तिच्या यादींत साखरेचें स्थान कितवें आहे, तें आज घरीं गेल्यावर प्रत्येकानें पाहावें. तसेंच ‘आइस्क्रीम’ व ‘फ्रोझन डेझर्ट’ या दोन वस्तु एकसारख्या दिसतात. पहिलींत दुधाचा स्निग्धांश असतो, दुसरींत वनस्पतीचें तेल.

राहिल्या खुणा. हिरव्या चौकटींतील हिरवा ठिपका शाकाहाराचा. तपकिरी चौकटींतील तपकिरी त्रिकोण मांसाहाराचा. इंग्रजी ‘एफ’ व अधिकाचें चिन्ह असल्यास त्या तेलांत, दुधांत, तांदळांत, पिठांत अथवा मिठांत जीवनसत्त्वें किंवा लोह वगैरे मिसळलेलें आहे. ‘यूज बाय’ अथवा ‘एक्स्पायरी’ची तारीख उलटल्यावर पदार्थ खाऊंच नये, ‘बेस्ट बिफोर’ची तारीख चव व प्रत उत्तम राहण्याची मुदत सांगते. ज्यांच्या घरीं शेंगदाणा, दूध, गहूं अथवा सोयाबीन न सोसणारें मूल आहे, त्यांनीं ‘कन्टेन्स’ या शब्दापुढील नांवें दरखेपेस वाचावींत. एकदां वाचून विसंबूं नये, कारण कृति बदलूं शकते.

इतर देशांत हें काम वाचकासाठीं सोपें केलेलें आढळतें. चिली देशांत २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश अथवा उष्णता मर्यादेबाहेर असल्यास पाकिटाच्या दर्शनी बाजूसच काळा अष्टकोन छापावा लागतो. ब्रिटनमध्यें पुष्कळ पाकिटांवर लाल, पिवळा व हिरवा रंग असतो. तेथील हिशोबानें १०० ग्रॅम घन पदार्थांत साखर साडेबावीस ग्रॅमांहून, संपृक्त स्निग्धांश पांच ग्रॅमांहून, किंवा मीठ दीड ग्रॅमाहून म्हणजे सोडियम ६०० मिलिग्रॅमांहून अधिक असल्यास लाल रंग येतो. हे तीन आंकडे पाठ केले, तर आपल्या पाकिटावर रंग नसला तरी तो आपल्या मनांत उमटेल.

लेबलाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. अगदीं लहान पाकिटांना कोष्टक छापण्यांतून सूट आहे. आणि शाळेच्या दाराशीं मुलें नेमकीं तींच पांच रुपयांचीं पाकिटें घेतात. सुटी शेव, हलवायाची मिठाई, कोपऱ्यावरील वडा यांना तर पाठच नसते. उलट मेथीची जुडी, ज्वारी, मूग, केळें यांनाहि पाठ नाहीं, कारण तेथें लपविण्यासारखें कांहीं नाहीं. माझा अनुभव असा कीं, लेबल नीट वाचूं लागलें, म्हणजे लेबल असलेल्या वस्तु घरांत आपोआप कमी होतात.

आमच्या घरीं पापड आतां सणावारीं येतो. विकतच्या लोणच्याऐवजीं ताज्या लिंबाची फोड असते. खारीची जागा भाजलेल्या चण्यांनीं व चुरमुऱ्यांनीं घेतली, व तीहि बिनमिठाच्या. आमटींत थोडें मीठ परत आलें, आणि जेवणांत पुन्हा रुचि आली. पत्नीची गोळी सुटलेली नाहीं, व ती डॉक्टरांखेरीज कोणीं सोडूंहि नये. परंतु पुढल्या दोन तपासण्यांत दाब खालीं आलेला दिसला, आणि वाढवावयाची गोळी वाढवावी लागली नाहीं.

एक विनंती करून पुरें करतों. आपल्या घरांत व शेजारांत अशीं वडील माणसें आहेत, ज्यांना इंग्रजी येत नाहीं, किंवा येत असलें तरी तीं बारीक अक्षरें दिसत नाहींत. पथ्याची गरज त्यांनाच सर्वांत अधिक. तेव्हां मुलांनो, आजीसाठीं दुकानांतून कांहीं आणाल, तेव्हां पाकीट तिच्या हातीं देण्यापूर्वीं उलटें करा. पहिलीं तीन नांवें, साखर व सोडियम एवढें तिला मोठ्यानें वाचून दाखवा. काय खावें, तें ती ठरवील. ज्याला वाचतां येतें त्यानें, ज्याला वाचतां येत नाहीं त्याच्यासाठीं वाचावें, याहून शाळेचा दुसरा उपयोग तो कोणता?